नावाची जबाबदारी

गोवंडीहून परळ काही फार लांब नाही. तेथील एका शोधाची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत. १९५२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाचे वृत्त छापून आले. या रक्तात ए व बी यांच्या मुळाशी असणारा एच हा घटकच नसतो. म्हणून अशा रोग्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही, दिल्यास जिवावर बेतते. त्या गटाला पुढे ‘बॉम्बे’ हेच नाव पडले.

लेखावर सात नावे होती. भेंडे, देशपांडे, भाटिया ही मुंबईची तीन आधी. सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स ही लंडनची चार मागून. स्वातंत्र्याला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. त्या क्रमाचे आम्हांला आजही अप्रूप वाटते.

परंतु लेखक म्हणावे कोणाला? १९७८ साली व्हँकुव्हरला काही वैद्यकीय संपादक जमले व हस्तलिखितांचे समान नियम ठरू लागले. १९८५ साली लेखकत्वाची कसोटी आली : कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग आणि अखेरच्या मसुद्याला संमती. २०१३ साली चौथी अट जोडली गेली, ती जाब देण्याची. नुसता विभागप्रमुख असणे वा पैसा मिळवून देणे पुरेसे नाही.

चुकीचे रक्त एका रोग्याचा घात करते. चुकीचा लेख अनेकांचा. म्हणून आम्ही म्हणतो, लेखावरचे नाव हा मान खराच, पण त्याआधी तो जामीन आहे.