निरुद्देश कोण?

पोटासाठीं ज्यांस गांवोगांव हिंडावें लागतें, त्यांस ‘उनाड’ म्हणणें स्थिर समाजास नेहमींच सोपें गेलें आहे. त्या शब्दाची किंमत काय पडते, हें सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासांत पाहावयास सांपडतें.

कैकाडी टोपल्या विणीत, वडार दगड फोडीत, लमाण बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहून नेत. त्यांचें फिरणें हाच त्यांचा धंदा होता. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली आणि तांड्यांचें काम ओसरूं लागलें. पुढें १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या कायद्यानें तें जूं मुंबई इलाख्याच्याहि मानेवर बसलें. जन्मानेंच गुन्हेगार ठरलेलीं कुटुंबें सोलापुरांत तारेच्या कुंपणाआड वसविण्यांत आलीं. गिरणींत राबावें आणि नेमल्या वेळीं हजेरी द्यावी, असा तेथील शिरस्ता होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला. तार गेली, शिक्का मात्र राहिला.

त्या शिक्क्याची कथा याच जिल्ह्यांतील एका दिग्दर्शकानें पडद्यावर आणली. करमाळा तालुक्यांतील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट २०१३ सालचा. कैकाडी बोलींत फँड्री म्हणजे डुक्कर. येथें भव्य देखावे नाहींत. जब्याची मुख्य भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यांतीलच मुलगा, पूर्वीं कधीं पडद्यावर न आलेला. त्यास उत्कृष्ट बालकलाकाराचें आणि मंजुळे यांस पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

जब्या शाळा चुकवून रानोमाळ हिंडतो. वरवर पाहणारास तो उडाणटप्पूच वाटेल. पण तो एका काळ्या चिमणीच्या शोधांत असतो. तिची राख शालूवर टाकली कीं ती वश होईल, अशी त्याची भाबडी समजूत असते. सायकल-दुकानदार चंक्या हाहि गांवाच्या लेखीं वाया गेलेला. परंतु मुलाचें स्वप्न समजून घेणारा गांवांत तोच एक. उलट पारावर रिकामे बसून टवाळी करणाऱ्या तरुणांस कोणी निरुद्देश म्हणत नाहीं, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी.

शेवटीं सारें कुटुंब डुकरामागें धांवत असतां शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. सर्वजण जागच्या जागीं ताठ उभे राहतात, आणि हातीं आलेलें डुक्कर निसटतें. ज्या देशास मान देण्यासाठीं तीं माणसें थांबलीं, त्याच देशांतील गांवकरी क्षणभरानें पुन्हां त्यांची चेष्टा करूं लागतात. मग जब्या दगड उचलतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेनें येतो.

तारेच्या कुंपणाआड हजेरी घेतली जात होती, तेव्हां कुंपणाबाहेरचें शहर आपल्या कामांत गुंतलेलें होतें. तो दगड त्या शहराच्या वारसांकडेहि येतो. निरुद्देश कोण, याचें उत्तर आतां त्यांनीं द्यावयाचें आहे.