मासा कुणाचा?

सरकारी नोकरीने परप्रांती आलेल्या आपल्यासारख्यांना त्या प्रांताचा इतिहास बहुधा जुन्या कागदांतून भेटतो. गंगेच्या इतिहासाचे एक पान मात्र मला माझ्या सहा वर्षांच्या मुलीमुळे उलगडले.

गेल्या ज्येष्ठातील एका रविवारी आम्ही दोघे भागलपूरहून पहाटेच्या गाडीने पीरपैंतीस गेलो. नदी ओसरून वाळूचे पट्टे उघडे पडले होते. बांबूची काठी, दोरा, बारीकसा गळ, कणकेच्या गोळ्या व चार गांडुळे एवढीच आमची सामग्री. ऊन चढण्यापूर्वी तीन पोठ्या व एक टेंगरा गळाला लागला. टेंगऱ्याच्या काट्यापासून बोटे कशी सांभाळावीत, हे शेजारच्या एका वृद्ध मल्लाहाने मुलीस दाखविले. हातातल्या बोटभर चंदेरी पोठीकडे पाहत तिने विचारले, "बाबा, हा मासा कुणाचा?" "तुझाच," मी सहज म्हणालो. म्हातारा हसला. "आज तिचा खरा. आमच्या लहानपणी तो जमीनदाराचा होता."

हे अक्षरशः खरे आहे. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंतचा गंगेचा सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवाह जमीनदारांच्या मालकीचा मानला जाई व त्या हक्काचे मूळ मोगल अमदानीत दाखविले जाई. १७९३ साली कायमधाऱ्याची पद्धत आली आणि जमिनीवरील जमीनदारी पक्की झाली. स्वातंत्र्यानंतर बिहारने १९५० च्या कायद्याने ती नष्ट केली. परंतु या पाण्यावरील जमीनदारी त्यानंतरही चार दशके टिकून राहिली. वाहत्या पाण्यात जाळे टाकणाऱ्याला जलकर भरावा लागे.

याच मुलखात १८१०-११ साली कंपनी सरकारचा एक डॉक्टर पाहणीसाठी हिंडत होता. फ्रान्सिस ब्यूकॅनन त्याचे नाव. पुढे तो हॅमिल्टन म्हणून ओळखला गेला. गंगेतील माशांवरचा त्याचा ग्रंथ १८२२ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. त्याने कित्येक माशांना येथील लोकांच्या तोंडचीच नावे दिली. रोहिता, टेंगरा हे शब्द त्यामुळे प्राणिशास्त्रात आजही नांदतात. कोळ्यांची भाषा अशी जगन्मान्य झाली. पाण्यावरचा त्यांचा हक्क मात्र कोणी मानला नाही.

तो त्यांनी स्वतः मिळविला. १९८२ साली कहलगाव येथे गंगामुक्ती आंदोलन सुरू झाले. मच्छीमारांनी कर देण्याचे नाकारले. स्त्रियाही मोठ्या संख्येने पुढे आल्या. लढा शांततेचा होता, पण दीर्घ होता. अखेर १९९१ साली राज्य सरकारने ही पाण्यावरील जमीनदारी रद्द केली.

मात्र नदी मोकळी झाली तेव्हा ती पूर्वीइतकी भरलेली राहिली नव्हती. १९७५ साली फराक्काचे धरण कार्यान्वित झाल्यावर समुद्रातून अंडी घालण्यास वर चढणाऱ्या हिलसाची वाट अडली. एके काळी अलाहाबादच्याही पुढे जाणारा हा मासा धरणाच्या वरच्या अंगास दुर्मिळ झाला. हक्क कागदावर आला, पण त्या हक्काने जे मिळावयाचे ते निम्मे वाटेतच अडले.

परतीच्या गाडीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या हातांना अजून माशांचा वास येत होता. "तुझाच" हा शब्द मी किती सहज उच्चारला होता! पण तो खरा ठरून जेमतेम माझ्या वयाइतकीच वर्षे झाली आहेत.