तंजावरच्या भोसल्यांच्या प्रतिमा

शिवाजीमहाराजांचे सापत्न बंधु व्यंकोजीराजे यांनीं इ. स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावरचें राज्य हस्तगत केलें. तेव्हांपासून १८५५ पर्यंत हें मराठी राजकुल तमिळ मुलुखांत नांदलें. दूरदेशीं त्यानें आपलें मराठेपण कसें राखिलें, याची साक्ष कागदपत्रांप्रमाणेंच प्रतिमाही देतात.

दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांचेंच उदाहरण घेऊं. त्यांची संगमरवरी मूर्ति लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यानें घडविली. ती तंजावरच्या राजवाड्यांत आहे. त्याच्याच हातच्या दुसऱ्या शिल्पांत, तेथील ख्रिस्ती मंदिरांत, राजे आपले बालपणींचे पालक पाद्री श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येपाशीं दिसतात. फ्लॅक्समन हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. तरीहि राजवाड्यांतील मूर्तीच्या मस्तकीं टोकदार तंजावरी पागोटें आहे. उलटपक्षीं, १८०३ सालीं बृहदीश्वराच्या भिंतीवर राजांनीं भोसलेकुलाचा इतिहास कोरविला, तो मराठींत. मुखाची ठेवण त्यांनीं परक्या हातीं सोंपविली. कुलकथा मात्र स्वभाषेच्याच हवालीं केली. म्हणून आमचें मत असें कीं, ही मूर्ति त्या लेखाशेजारीं ठेवूनच वाचावी.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, अशा घराण्यांचीं चित्रें हातीं आल्यास चौकट बदलण्यापूर्वीं पाठीवरील व कडेचीं अक्षरें, मोडी असोत वा तमिळ, जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. अक्षर पुसलें कीं राजाचा केवळ एक पागोटेंधारी पुरुष उरतो.