क्लेप इतिहास परीक्षा
वर्गात न बसता महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणारी अमेरिकेतील चाचणी. कॉलेज बोर्डाने ही योजना १९६०च्या दशकात सुरू केली.

अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला भाग १८७७ला संपतो, दुसरा १८६५पासून सुरू होतो. पुनर्रचनेचा काळ (पहा : अमेरिकन यादवी युद्ध) त्यामुळे एकदा पक्का केला की दोन्हीकडे कामी येतो. पहिल्या भागात १७९०नंतरच्या घडामोडींना सुमारे ७० टक्के वाटा आहे. वसाहतींच्या सनावळ्यांतच रमणारा विद्यार्थी इथे फसतो. पाश्चात्त्य संस्कृती या विषयाचेही दोन भाग १६४८पाशी (पहा : वेस्टफेलियाचा तह) विभागले आहेत.

९० मिनिटांत १२० बहुपर्यायी प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे पाऊण मिनिट. चुकीला गुण कापत नाहीत. प्रश्न कोरा सोडणे निव्वळ तोट्याचे. २० ते ८०च्या मापावर ५० गुणांची शिफारस असली, तरी श्रेयांक द्यायचे की नाही हे प्रत्येक महाविद्यालय ठरवते.