वहीतला दुपारी चारचा आकडा

काकांच्या साखरेची वही अजून माझ्याजवळ आहे. सेलूच्या बाजारातून आणलेली, शंभर पानी. सकाळी उपाशीपोटी ९८, १०४, ९५. दुपारी चारला २४०, २६५, २५२. अक्षर काकूचं.

काकांना किडनीही काकूनेच दिली होती. ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला झालं, किडनी लगेच चालू झाली. काकांना आधी मधुमेह नव्हता. दुसऱ्या महिन्यात हे आकडे सुरू झाले आणि घराने निकाल देऊन टाकला: सकाळी बरोबर, दुपारी वर, म्हणजे काका मधल्या वेळेत चोरून काहीतरी खातात. काकू म्हणाली, "माझी किडनी जिलेबीत घालवू नका."

मी पुण्याहून फोनवर त्यांना सुनावलं. डेटा समोर होता ना!

"खरं सांगूलालो बाबू, भाकर अन् वरणाशिवाय काही खाल्लं नाही," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारलं, "स्टिरॉइडची गोळी सकाळी घेता ना?" सकाळच्या गोळीचा जोर दुपारी-संध्याकाळी साखरेवर दिसतो. रात्रीतून तो ओसरतो, म्हणून उपाशीपोटीचा आकडा सरळ येतो. वही खरी होती, आमचं वाचन चुकलं होतं.

मग मला प्रश्न पडला, ही गोष्ट जगाला कधीपासून माहीत आहे?

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघं एकसारखे जुळे. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही, म्हणून रिचर्ड आठ वर्षं जगला. पण जुळा भाऊ प्रत्येकाला कुठून असणार? बाकीच्यांसाठी शरीराची प्रतिकारशक्ती दाबणं भाग होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड एकत्र वापरलं आणि परक्या किडन्या टिकू लागल्या. त्याच स्टार्झल यांनी १९६४मध्ये नोंदवलं की काही रुग्णांना स्टिरॉइडमुळे मधुमेह होतो आहे. भारतातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएममध्ये १९६५ला झाला आणि पहिलं यश वेल्लोरला १९७१मध्ये आलं. म्हणजे आपल्याकडे ही शस्त्रक्रिया पोचण्याआधीच तिची किंमत लिहून ठेवलेली होती.

पुढे सायक्लोस्पोरिन आलं, स्टिरॉइडचे डोस कमी करता आले. १९८४मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत टॅक्रोलिमस सापडलं. किडनी वाचवण्यात ते सायक्लोस्पोरिनपेक्षा सरस, पण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना तेही जाचतं. स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचं शरीर ऐकत नाही. काका दोन्ही घेत होते. दोन्हींच्या मधे सापडलेल्या माणसाला आम्ही जिलेबीचा हिशोब विचारत होतो.

साखर तशीच चढती राहिली तर जंतुसंसर्ग वाढतो, हृदयावर ताण येतो आणि ज्या किडनीसाठी सगळं केलं तीच हळूहळू खराब होऊ शकते. गोळ्या मनाने बंद कराव्यात तर शरीर किडनीच नाकारतं. म्हणून २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी 'प्रत्यारोपणानंतरचा मधुमेह' हे नाव पक्कं केलं आणि फक्त उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नका असं सांगितलं. काकूने कुणी न सांगता चारचा आकडा लिहिला होता. तिने तो नवऱ्याला पकडायला लिहिला, पण त्यानेच त्यांना वाचवलं. नुसती सकाळची तपासणी केली असती तर आम्ही खुशाल बसलो असतो.

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि स्टिरॉइडचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. चारचा आकडा दोनशेच्या खाली आला.

दिवाळीला सेलूला गेलो तेव्हा काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुझी काकू अजून मागत नाही, तू कामून मागतो?" आतून काकूचा आवाज आला, "चार वाजले. बोट पुढं करा."

तिनेच सुई टोचली, आकडा वहीत लिहिला. या वेळी त्याच्याखाली तिने आणखी काही लिहिलं. ती आत गेल्यावर मी पाहिलं. लिहिलं होतं, 'जेवण: भाकर, वरण. खरं.'