‘प्रथम’ची वाटचाल

बोईसरकरांना उष्णतेचा हिशेब परका नाही. १९६९ पासून वीज देणाऱ्या शेजारच्या तारापूर अणुवीजकेंद्रात वाफेची उरलेली उष्णता अरबी समुद्राच्या पाण्यात सोडली जाते. उपग्रहाभोवती मात्र पाणी नाही, हवाही नाही. त्याची उष्णता भागाभागांतून पसरते आणि बाहेर जाते ती केवळ प्रारणाने. हा हिशेब उड्डाणाआधी संगणकावर मांडावा लागतो. तो मांडण्याचे धाडस पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी केले.

२००७ मध्ये सप्तर्षी बंद्योपाध्याय आणि शशांक तामसकर या एअरोस्पेस विभागाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचा उपग्रह बांधण्याची कल्पना पुढे आणली. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे उद्दिष्ट ठरले. नाव ठेवले ‘प्रथम’. वीजपुरवठा, संदेशवहन, दिशानियंत्रण, सांगाडा अशी कामे वाटली गेली. उष्णतेचा हिशेब पाहणाऱ्या थर्मल गटाचे काम दिसायला लहान, पण बाकी सगळ्यांचे काम त्यावर अवलंबून होते. २००९ मध्ये इस्रोशी सामंजस्य करार झाला आणि विद्यार्थ्यांच्या उमेदीला राष्ट्रीय संस्थेचे पाठबळ मिळाले.

उष्णतेचा हा हिशेब संगणकीय मॉडेलवर होतो. अशा मॉडेलमध्ये उपग्रहाचे अनेक लहान भाग कल्पिले जातात. प्रत्येक भागावर किती उष्णता येते, शेजारच्या भागाकडे किती जाते आणि किती बाहेर फेकली जाते, याची समीकरणे एकत्र सोडवली जातात. सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॉट मिळतात. त्यात पृथ्वीवरून परावर्तित झालेला प्रकाश आणि तिचे स्वतःचे अवरक्त प्रारण यांची भर पडते. सुमारे शंभर मिनिटांच्या प्रत्येक फेरीत उपग्रह अर्ध्या तासाहून अधिक काळ पृथ्वीच्या सावलीत जाऊ शकतो. प्रारण केल्व्हिन तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते, त्यामुळे साधी बेरीज-वजाबाकी पुरत नाही. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करणे तिला घातक ठरते. तिच्यासाठी तर काही अंशांचा फरकही निर्णायक. स्क्रूने जोडलेल्या दोन पत्र्यांमधून निर्वातात नेमकी किती उष्णता जाईल, हे कागदावर ठरवणे सर्वांत कठीण. म्हणूनच निर्वात कक्षातील चाचणीशी मॉडेल ताडून पाहावे लागते, आकडे जुळेपर्यंत दुरुस्त करावे लागते.

कल्पनेपासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षे गेली. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत होते, नवे येत होते. एकाने अर्धवट सोडलेली आकडेमोड दुसऱ्याने समजून घेऊन पुढे न्यायची, अशी ही साखळी होती. उपक्रम टिकला तो या हस्तांतरामुळे. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही उपग्रहाचे संदेश टिपणारी भूकेंद्रे उभारण्याच्या कामात सहभागी झाले, हे या उपक्रमाचे मोठेपण.

२०१६ हे वर्ष महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी भाग्याचे ठरले. २२ जूनला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकातून कक्षेत गेला. २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ ने स्कॅटसॅट-१ या उपग्रहासोबत सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ श्रीहरिकोटाहून वर नेला.

पवईतील काम तिथे थांबले नाही. पुढच्या तुकड्यांनी ‘अद्वितीय’ या दुसऱ्या उपग्रहाची आखणी हाती घेतली, त्यानंतर ताऱ्यांवरून उपग्रहाची दिशा ठरवणाऱ्या उपकरणाकडे त्या वळल्या.