अहिल्यानगरच्या गावांतले मराठी ख्रिस्ती: चर्चमध्ये भजन, पण कागदावर जात कोणती?

नेवासा, राहुरी किंवा श्रीरामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात रविवारी सकाळी चर्चबाहेर उभे राहिलात, तर आतून पेटी, तबला आणि टाळांचा आवाज येईल. उपासना संपल्यावर लोक एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणतात. आडनावं गावातल्या इतरांसारखीच: गायकवाड, साळवे, कदम. नावं मात्र दावीद, शलमोन, रूथ.

हे लोक ख्रिस्ती कधी झाले? आणि धर्म बदलून पिढ्या उलटल्या, तरी त्यांच्या जातीचा प्रश्न का संपलेला नाही?

सुरुवात कधी झाली?

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला केंद्र सुरू केलं. (2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं.) मिशनचा भर शाळांवर होता. सिंथिया फरार यांची इथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही नगरमध्येच सुरू झालं.

सुरुवातीला धर्मांतर करणाऱ्यांत काही ब्राह्मण होते. खेड्यांत मात्र प्रामुख्याने महार आणि मातंग कुटुंबं ख्रिस्ती झाली. नेवासा तालुक्यातलं वडाळा बहिरोबा हे मिशनचं मोठं ग्रामीण केंद्र बनलं. पुढे अँग्लिकन आणि जेझुइट मिशनरीही जिल्ह्यात आले.

लोकांनी धर्म का बदलला?

एकच कारण सांगता येत नाही. श्रद्धा होती, तशीच अस्पृश्यतेतून बाहेर पडण्याची इच्छाही होती. ज्या मुलांना गावातल्या शाळेत बसू दिलं जात नव्हतं, त्यांना मिशनच्या शाळेत पाटी मिळाली. अनेक गावांत शाळेची खोली हेच रविवारचं चर्च होतं, आणि मास्तर हेच उपासना चालवणारे. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनने मदतकार्य केलं, अनाथ मुलांना आसरा दिला.

उपासना इतकी मराठी कशी?

नेवासा ही ज्ञानेश्वरीची भूमी. या परिसरातल्या माणसाला देवाची गोष्ट ओवीत आणि कीर्तनात ऐकायची सवय होती. कृष्णराव सांगळे यांनी 19व्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं रचली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक पुढे नगरला राहिले. त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली, ती आजही चर्चमध्ये गायली जातात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये नगर आणि राहुरीतलं त्या काळचं ख्रिस्ती जीवन भेटतं.

गावातलं वर्ष कसं जातं?

रोजचं जगणं चारचौघांसारखंच: शेती, मजुरी, ऊस, कांदा, दूध, नोकरी. संध्याकाळी अनेक घरांत कुटुंबाची प्रार्थना होते. नाताळात घरावर चांदणीचा कंदील लागतो, करंज्या-शंकरपाळ्या होतात, तरुणांची टोळी गाणी म्हणत घरोघरी फिरते. पीक हाती आलं की त्याचा वाटा चर्चमध्ये अर्पण करतात.

कॅथलिकांची मोठी यात्रा श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला भरते. सप्टेंबरमध्ये, मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास, 'मतमाउली'च्या दर्शनाला भाविक येतात. त्यात हिंदू कुटुंबंही असतात. नवस बोलणारा धर्म विचारत नाही.

मग जातीचा प्रश्न काय आहे?

धर्म बदलला, पण वस्ती गावाच्या कडेलाच राहिली. महार ख्रिस्ती आणि मातंग ख्रिस्ती यांच्यातला भेदही लगेच मिटला नाही. सोयरीक जुळवताना जुनी जात निघतेच.

कायदा मात्र वेगळं सांगतो. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेरच राहिले.

समजा, एका महार घराण्याची एक शाखा ख्रिस्ती झाली आणि दुसरी 1956 नंतर बौद्ध. दुसऱ्या शाखेतली मुलगी अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या सरपंचपदाची निवडणूक लढवू शकते, पहिल्या शाखेतली नाही. तिला जातीवरून शिवीगाळ झाली, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही मिळत नाही. राज्यात अशा ख्रिस्तींना ओबीसी सवलती आहेत, पण त्या या दोन गोष्टी भरून काढत नाहीत.

म्हणूनच काही कुटुंबं रविवारी चर्चला जातात आणि कागदावर हिंदू राहतात. मुलाच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहायचा, हा त्यांच्यासाठी श्रद्धेइतकाच शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचाही प्रश्न असतो.

दोन्ही बाजू काय म्हणतात?

दर्जा देण्यास विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग जातीची सवलत कशाला? शिवाय आधीच्या लाभार्थ्यांचा वाटा कमी होईल. मागणी करणारे म्हणतात, धर्मग्रंथात जात नसली तरी गावात आहे. 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला.

मुद्दा शेवटी एवढाच आहे: माणसाची जात ठरवताना तो प्रार्थना कुणाची करतो हे पाहायचं, की गाव त्याला कसं वागवतं हे?